मायग्रेनच्या घरातली मुलं: त्यांना काय सांगायचं, काय शिकवायचं

माझ्या बायकोला कॉलेजच्या वयापासून मायग्रेनचा त्रास आहे. मोठ्या लेकीला आठव्या वर्षी सुरू झाला. धाकट्याला नाही, मलाही नाही. म्हणजे घरात दोघींचं डोकं उठतं आणि आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत पाय न वाजवता वावरत असतो. त्यामुळे एक गोष्ट फार जवळून बघायला मिळाली. मायग्रेनमध्ये मुलांना दुखण्याइतकंच न कळणं छळतं. हे काय होतंय, कधी थांबेल, माझ्यामुळे झालं का, आता मी काय करू? याची उत्तरं मुलाजवळ असली की तेच दुखणं ते बऱ्यापैकी निभावून नेतं. आणि ही उत्तरं डोकं ठणकत असताना देता येत नाहीत. ती चांगल्या दिवशी द्यायची, सगळे हसतखेळत असताना.

मी डॉक्टर नाही. औषध कोणतं, किती, कधी, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी किंवा मेंदूविकारतज्ज्ञांनी ठरवायचं. बाकी घरात जे करावं लागतं ते लिहितोय.

मुलांचा मायग्रेन वेगळा दिसतो

अर्धं डोकं दुखलं तरच मायग्रेन, असं धरून बसलात तर मुलाचा त्रास लक्षातच येणार नाही. लहान मुलांचं बहुतेक वेळा कपाळ दुखतं किंवा दोन्ही बाजू दुखतात. एकाच बाजूचं दुखणं किशोरवय सरत आल्यावर दिसू लागतं. मोठ्यांचा अटॅक औषध न घेतल्यास निदान ४ तास तरी चालतो, मुलांचा २ तासांतही आटपू शकतो. लेक शाळेतून यायची ती पांढराफटक चेहरा घेऊन. दप्तर दारातच, मग उलटी, मग गाढ झोप, आणि उठली की खेळायला तयार. हे पाहून लोक "नाटक करते" म्हणतात. तसं कोणी म्हणालं तर मुलासमोरच ठामपणे सांगा, की मुलांचा अटॅक झोपेने उतरतो, हे मायग्रेनचं ओळखीचं लक्षण आहे. आपली बाजू कोणीतरी घेतली, हे मुलाने ऐकायला हवं.

लहान मूल "मला उजेड सहन होत नाही" असं सांगत नाही. ते डोक्यावरून चादर ओढतं, आपणहून टीव्ही बंद करतं, भावावर "गप्प बस" म्हणून खेकसतं. वागण्यावरून आपण ओळखायचं. काही मुलांचं तर डोकं दुखतच नाही, पोट दुखतं. बेंबीच्या आसपास, काही तास, चेहरा उतरलेला, खायची इच्छा नाही, आणि दोन अटॅकच्या मधल्या काळात मूल ठणठणीत. हा पोटाचा मायग्रेन. अशा बऱ्याच मुलांना पुढे डोकेदुखीचा मायग्रेन होतो. अर्थात पोटदुखीची बाकीची कारणं डॉक्टरांनी आधी तपासायला हवीत.

मुलाला सांगता येत नसेल तर कागद आणि रंग द्या. "डोकं दुखतं तेव्हा कसं वाटतं ते काढ", एवढंच म्हणा. २००२ साली 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात २२६ मुलांच्या अशा चित्रांचा अभ्यास छापून आला होता. नुसती चित्रं बघून केलेलं मायग्रेनचं निदान प्रत्यक्ष तपासणीतल्या निदानाशी मोठ्या प्रमाणात जुळलं. लेकीने कपाळावर हातोडा मारणारा माणूस काढला होता, आणि एका डोळ्यापुढे पिवळ्या नागमोडी रेघा. त्या रेघा बघून डॉक्टरांनी तिला नीट खोदून विचारलं, तेव्हा कळलं की दुखणं सुरू व्हायच्या आधी तिला ऑरा येतो, म्हणजे थोडा वेळ नजरेत (काहींच्या बोलण्यातही) बदल होतो. तोंडाने तिने हे कधीच सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, सगळ्यांनाच तसं दिसतं.

आता धोक्याच्या खुणा. डोकेदुखी क्षणार्धात अचानक शिगेला पोचली, ताप असून मान ताठली, डोक्याला मार लागला, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तोल गेला, एकाचे दोन दिसू लागले, आकडी आली, तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. दुखण्याने मूल झोपेतून जागं होत असेल, सकाळी उठल्याउठल्या उलट्या होत असतील, दुखणं आठवड्यागणिक वाढत असेल किंवा मूल पाच-सहा वर्षांहून लहान असेल, तरी तपासणी लवकर करून घ्या. घरात मायग्रेन आहे म्हणून प्रत्येक डोकेदुखी मायग्रेनचीच, असं गृहीत धरायचं नाही.

काय सांगायचं, कोणत्या शब्दांत

धाकटा चार वर्षांचा होता तेव्हा त्याला मी सांगायचो: "आईचं डोकं दुखतंय. याला मायग्रेन म्हणतात. तुझ्यामुळे नाही झालं. ती औषध घेईल, झोपेल आणि बरी होईल. तोवर मी आहे." या वयाच्या मुलांना मनातून वाटत असतं, की आपण हट्ट केला, खेळणं फेकलं, म्हणून आई आजारी पडली. ती तसं विचारत नाहीत. म्हणून "तुझ्यामुळे नाही" हे त्यांनी न विचारता सांगायचं, आणि दर अटॅकला पुन्हा सांगायचं.

इथे एक पेच आहे. आवाजाने दुखणं वाढतं, हे खरंच आहे. मग मुलाला गप्प कसं करायचं? "आवाज करू नको, आईचं डोकं दुखेल" असं म्हटलं की दुखण्याचा दोष मुलावर गेला. "आईचं डोकं दुखतंय, म्हणून आज आपण हळू बोलूया" असं म्हटलं की मूल मदतीला आलं. हे वाक्य घरातल्या सगळ्यांनी, आजी-आजोबांनीही, पाठ करावं इतकं मला ते महत्त्वाचं वाटतं.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला थोडं जास्त सांगा. मी लेकीला गाडीच्या अलार्मचं उदाहरण दिलं होतं. काही गाड्यांचा अलार्म इतका हळवा असतो की चोर नसला, नुसतं मांजर बॉनेटवर चढलं, तरी वाजतो. गाडीत बिघाड नसतो, अलार्म लवकर वाजतो एवढंच. तुझा मेंदू तसा हळवा आहे. झोप कमी झाली, भूक मारली, फार ताण आला की तो अलार्म वाजवतो. दुखणं खरं असतं, पण आत काही मोडलेलं नसतं. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलांना खरी यंत्रणा कळते आणि आवडतेही. मेंदूच्या गाभ्याला वेदना कळत नाही. मेंदूभोवतीच्या आवरणांतून आणि रक्तवाहिन्यांतून वेदनेचा निरोप ट्रायजेमिनल नावाचा मज्जातंतू नेतो, आणि अटॅकच्या वेळी तिथे सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं. लेकीने त्या मज्जातंतूचं चित्र तिच्या डोकेदुखीच्या नोंदींच्या डायरीच्या पहिल्या पानावर चिकटवलंय.

"मलापण होणार का?" धाकट्याने सातव्या वर्षी विचारलं. खरं ते सांगितलं. आईबाबांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण निम्मी धरतात. नाही झाला तर छानच, झाला तर काय करायचं ते आपल्या घरात सगळ्यांना येतं. लेकीने आईला विचारलं होतं, "तुझ्याकडून आला का?" बायको म्हणाली, "हो, बहुतेक माझ्याकडूनच. पण मला काय लागू पडतं, तेही मी तुला देणार." अपराधी चेहरा करून दिलेलं उत्तर मुलांना जड जातं. हे उत्तर तिने पेलायला सोपं करून दिलं.

आणि "आत्ता बरं वाटेल हं" असं वचन देऊ नका. "आज रात्री किंवा उद्यापर्यंत" असं म्हणा.

चांगल्या दिवशीची तयारी

एक छोटी पिशवी भरून ठेवा. उलटीसाठी जाड पिशव्या, नॅपकिन, डोळ्यांवरची पट्टी, टोपी, पाण्याची बाटली, आणि एका कार्डावर मुलाचं वजन, औषधाचं नाव, डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण. पिशवी मुलालाच निवडू द्या, मुलालाच भरू द्या. औषध मात्र मोठ्यांच्या ताब्यात.

अटॅकमध्ये बोलवत नाही, त्यासाठी बोटांच्या खुणा ठरवा. आमच्याकडे एक बोट म्हणजे पाणी, दोन म्हणजे उलटीची पिशवी, मूठ म्हणजे मला एकटं राहू द्या. या खुणांनी लेकीची अर्धी घालमेल कमी झाली. खोलीच्या दाराच्या कडीला अडकवायची एक लाल फीतही आहे. ती दिसली की आत कोणाचं तरी डोकं दुखतंय हे धाकट्याला विचारावं लागत नाही.

श्वास आणि स्नायू सैल सोडायचा सराव रोज झोपताना करा. मूल लहान असेल तर पोटावर हलकं खेळणं ठेवा आणि श्वासाबरोबर ते वर-खाली न्यायला सांगा. मग मुठी घट्ट आवळायच्या आणि सोडायच्या, खांदे कानापर्यंत उचलायचे आणि सोडायचे, पाय ताणायचे आणि सोडायचे. पाच मिनिटं पुरे. अंगवळणी पडलेलं असेल तरच ते दुखत्या डोक्याने जमतं, त्या वेळी नव्याने शिकवता येत नाही.

मुलाला अटॅक येतो तेव्हा

अटॅक दुखण्याच्या आधीच सुरू झालेला असतो. सारख्या जांभया, विनाकारण चिडचिड, मान आखडणं, गोड खावंसं वाटणं, चेहरा फिका पडणं. तुमच्या मुलाची खूण कोणती ते शोधा आणि ती दिसली की सांगायचं, हे त्याला शिकवा. डॉक्टरांनी दिलेलं औषध दुखणं चढायच्या आत घेतलं तर चांगलं लागू पडतं. "बघू, थांबेल" म्हणत तासभर घालवू नका. औषधाची वेळ कागदावर लिहा, नाहीतर दोघांपैकी दुसरा पुन्हा देऊन बसतो. वेदनाशामकाचं प्रमाण मुलाच्या वजनावर ठरतं. सोळा वर्षांखालच्या मुलाला ॲस्पिरिन आपल्या मनाने देऊ नका. त्याने राय सिंड्रोम नावाचा दुर्मीळ पण गंभीर आजार होऊ शकतो. आईच्या मायग्रेनच्या गोळ्यांतली अर्धी मुलाला, हाही प्रकार नको. उलटीमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर नाकात मारायचे फवारे आणि जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्याही असतात, डॉक्टरांना विचारा.

दुसऱ्या टोकाचीही काळजी घ्या. साधी वेदनाशामकं महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान गटातली (मायग्रेनचा अटॅक थांबवायची खास) औषधं १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर औषधामुळेच डोकेदुखी जडते. म्हणून डायरीत औषधाच्या दिवसांवर गोल करा.

मग अंधार, गारवा, घोटघोट पाणी आणि शांतता. दर दहा मिनिटांनी "आता किती दुखतंय?" विचारू नका. आपली काळजी शमते, पण मुलाचं लक्ष पुन्हा दुखण्यावर जातं. जवळ बसा, खूण केली तर द्या. मोबाइल नाही, गोष्टीचा व्हिडिओ नाही. अटॅकचा दिवस कंटाळवाणाच असू द्या. ही शिक्षा नाही. डोक्याला विश्रांती हवी असते, आणि घरी राहणं फार मजेचं झालं तर शाळेत परतणं जड जातं. अटॅक उतरल्यावरही दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मैदानी खेळाची जबरदस्ती नको.

आईचं किंवा बाबांचं डोकं उठतं तेव्हा

ज्याचं दुखत नाही त्या मुलाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, असं मला वाटतं. म्हणून इथे थोडं थांबतो.

बंद दार मुलाला फार घाबरवतं. दारामागे काय चाललंय याची ते जी कल्पना करतं, ती खऱ्यापेक्षा नेहमीच वाईट असते. बायकोला अगदीच असह्य नसेल तर मी धाकट्याला एकदा आत नेतो. तो तिच्या हाताला हात लावतो, ती बोट दाबते, आम्ही बाहेर येतो. बोलायचं काही नाही. त्यानंतर तो निवांत खेळतो.

मुलाला एक छोटं काम द्या, एकच, आणि ते संपणारं असू द्या. बाटली भरून दाराबाहेर ठेवणं, पडदे ओढणं. ते झालं की "तुझं काम झालं, आता खेळ" असं मुद्दाम सांगा. नाहीतर काही मुलं नर्स होऊन बसतात. दाराशी घुटमळतात, मित्रांकडे जात नाहीत, आईचा चेहरा वाचत राहतात. हे कौतुकाने बघू नका. "किती समजूतदार आहे" म्हणून मुलावर जबाबदारी चढवत गेलं की त्याचं मूलपण त्यात जातं. आजारी माणसाची काळजी मोठ्यांनी घ्यायची, हे त्याला स्पष्ट ऐकवा.

घरात एकच मोठं माणूस असेल आणि त्याचंच डोकं उठत असेल तर योजना लिहूनच ठेवा. कोणाला फोन करायचा, त्या दोन माणसांचे नंबर मोठ्या अक्षरात. गॅस न पेटवता खाता येईल असं काहीतरी मुलाच्या हाताला येईल तिथे. दार कोणाला उघडायचं, कोणाला नाही. मुलाने औषध द्यायचं नाही. आणि मदत कधी बोलवायची: हाक मारून आई उठतच नसेल, चेहऱ्याची किंवा अंगाची एक बाजू हलत नसेल, शब्द फुटत नसतील. तिला ऑरामध्ये कधी शब्द सापडत नसतील तर तेही मुलाला माहीत हवं, पण शंका आली तर फोन करायचाच. चुकून केला म्हणून कोणी रागावणार नाही, हे आधीच सांगा. फोनचा सराव करून घ्या, नाव आणि पत्ता सांगण्यासकट.

ठरलेली सहल, वाढदिवस, नाटक, काहीतरी बुडतंच. मुलाला राग येतो आणि तो यायलाच हवा. "आईला मुद्दाम दुखतंय का?" असं म्हणून त्याला गप्प बसवू नका. "तुला वाईट वाटलं, मलाही वाटलं. राग मायग्रेनवर काढूया, आईवर नको." बायको बरी झाली की स्वतः त्याच्याजवळ बसते, काय झालं ते थोडक्यात सांगते आणि बुडालेल्या गोष्टीची नवी तारीख कॅलेंडरवर लिहिते. "बघू नंतर" याला मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो.

भावंडाचं दुखत असेल तेव्हाही तेच. लेकीच्या अटॅकनंतर मी धाकट्याबरोबर अर्धा तास वेगळा घालवतो. कधीतरी तोही "माझं डोकं दुखतंय" म्हणतो. लक्ष वेधायला म्हणतोय की खरंच, हे ठरवत बसू नका. पाणी द्या, आडवं व्हायला सांगा, डायरीत त्याच्या नावाने नोंद करा. तीन-चार महिन्यांत नोंदीच सांगतात.

शाळेशी बोलणं

वर्ष सुरू होतानाच डॉक्टरांचं पत्र घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. पाण्याची बाटली बाकावर, स्वच्छतागृहात जायची परवानगी, झगमगत्या खिडकीपासून दूरची जागा, औषध कोणाकडे ठेवायचं आणि कोण देणार, वीस-तीस मिनिटं पडायला शांत कोपरा. बरं वाटलं की वर्गात परत, लगेच घरी पाठवणं नको. शाळा बुडू लागली तर आकडे मोजा. पेडमिडास नावाची सहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. गेल्या तीन महिन्यांत मायग्रेनमुळे शाळा, अभ्यास आणि खेळ किती बुडाला ते त्यातून निघतं, आणि डॉक्टरांना त्यावरून तीव्रता कळते. मित्रांना काय सांगायचं ते मुलाला ठरवू द्या. लेकीचं वाक्य आहे, "मला मायग्रेन आहे, तो लागत नाही, मी थोड्या वेळाने येते."

रोजची घडी

मायग्रेनच्या मेंदूला बदल सोसत नाहीत. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठराला ८ ते १० तास. सुट्टीच्या दिवशीही झोपायची-उठायची वेळ फार हलवू नका. नाश्ता चुकवू नका. पाणी दिवसभर थोडं थोडं.

कारणं शोधायचा सपाटा मात्र लावू नका. दहा पदार्थ बंद, खेळ बंद, टीव्ही बंद, असं केलं की मुलाला जगच धोक्याचं वाटू लागतं. डायरीत तारीख, किती वाजता, आदल्या रात्रीची झोप, शेवटचं खाणं, मुलींच्या बाबतीत पाळी, एवढंच पुरतं. तेच कारण पुन्हा पुन्हा दिसलं तरच त्याला हात लावा.

अटॅक वरचेवर येत असतील तर रोजच्या प्रतिबंधक औषधाचा विषय निघतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'चॅम्प' चाचणीत अमिट्रिप्टिलिन आणि टोपिरामेट ही दोन औषधं ८ ते १७ वर्षांच्या मुलांना देऊन बघितली. दोन्ही औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत, आणि साखरेच्या गोळीवरही निम्म्याहून अधिक मुलांचे डोकेदुखीचे दिवस निदान निम्म्यावर आले. मला यात धीर वाटतो. मुलांचा त्रास कमी होऊ शकतो, तोही जड औषधांशिवाय. त्याआधी, २०१३ साली, जुनाट मायग्रेनच्या मुलांना अमिट्रिप्टिलिनच्या जोडीला विचार आणि वागणुकीवरचे समुपदेशन दिलं, तेव्हा त्याच औषधाच्या जोडीला डोकेदुखीची नुसती माहिती देण्यापेक्षा त्याचा बराच जास्त फायदा दिसला. समुपदेशन सुचवलं म्हणजे "दुखणं मनाचं आहे" असा अर्थ नाही, हे मुलाला आणि घरातल्यांना सांगून ठेवा.

लेक आता तेरा वर्षांची आहे. डायरी तीच लिहिते, औषधाच्या दिवसांवर गोल तीच करते. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी मुलाला प्रश्नांची चिठ्ठी लिहायला लावा आणि खोलीत गेल्यावर त्यालाच आधी बोलू द्या. त्याचं बोलून संपलं की राहिलेलं आपण सांगायचं.